अप्रूप

मराठीत ‘अप्रूप’ हा शब्द कौतुकाचा आहे. पहिल्या पावसाचे अप्रूप, माहेरच्या माणसाचे अप्रूप, उशिरा झालेल्या मुलाचे अप्रूप : जे सहजासहजी लाभत नाही आणि लाभले असता जपून ठेवावेसे वाटते, त्याच्याशी या शब्दाचे नाते जडलेले आहे. कृष्णा आणि तुंगभद्रा ओलांडून दक्षिणेस गेले की हाच शब्द ‘अपरूप’ या वेषात भेटतो. त्याचे मूळ ‘अपूर्व’ की ‘अपरूप’ हा वाद कोशकारांवर सोपविता येईल. पण कन्नडमध्ये त्याचा सरळ अर्थ विरळा, क्वचित आढळणारा असा होतो. बंगळूरच्या रुग्णालयांतून तो आज एका निराळ्याच शब्दाला जोडून ऐकू येतो : ‘अपरूपद कायिले’, म्हणजे दुर्मिळ आजार. मराठी ‘दुर्मिळ’ शब्दाची गत याहून वेगळी नाही. दुर्मिळ ग्रंथ, दुर्मिळ नाणी, दुर्मिळ हस्तलिखिते असे म्हणताना संशोधकाच्या डोळ्यांत चमक येते. तोच शब्द एखाद्या बापाला आपल्या मुलाच्या तपासणीच्या कागदावर वाचावा लागतो, तेव्हा भाषेने आपली थट्टा केली असे त्याला वाटले तर ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

दुर्मिळ कशाला म्हणावे, याचेही एकमत नाही. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी लोकांना असलेला आजार दुर्मिळ ठरतो. युरोपात दहा हजारांत पाचांहून अधिकांना नसावा अशी मर्यादा आहे. भारताने २०२१ च्या धोरणातही अशी रेषा आखलेली नाही. कारण साधे आहे : रेषा आखावयाची तर मोजणी हवी, आणि मोजणी तर झालेलीच नाही. अशा आजारांची संख्या सात हजारांच्या आसपास सांगण्यात येते व त्यांतील बहुसंख्य आनुवंशिक असतात. एकेक आजार पाहिला तर विरळा. सगळे मिळून मात्र मोठी गर्दी. पण ही गर्दी एका ठिकाणी कधीच जमत नाही, हेच तिचे दुर्दैव. कॉलऱ्याने गाव उठते, प्लेगने शहर ओस पडते, त्यांची वर्णने आपल्या वाङ्मयात आहेत. सात हजार निरनिराळ्या घरांत सात हजार निरनिराळी दुखणी असतील तर त्यांचे वर्णन कोण आणि कोणासाठी करणार?

हे वर्णन करण्याचे, निदान त्या घरांना एकमेकांचा पत्ता सांगण्याचे काम बंगळूरमध्ये काही माणसांनी अंगावर घेतले आहे. २०१४ साली, म्हणजे ज्या वर्षी शहराचे अधिकृत नाव बदलून बेंगळुरू झाले त्याच वर्षी, ‘ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया’ ही संस्था तेथे उभी राहिली. तिच्या संस्थापकांत हर्ष राजसिंह हे जनुकविज्ञानाचे अभ्यासक होते, आणि प्रसन्न शिरोळ होते. शिरोळ हे आडनाव ऐकताच मराठी वाचकाला कोल्हापूरकडील तालुका आठवेल. पण त्या नावाची गावे कर्नाटकातही आहेत, आणि सीमेच्या दोहों बाजूंना आडनावे अशीच वाहत असतात. शिरोळ डॉक्टर नव्हेत. ते या क्षेत्रात आले ते बाप म्हणून. त्यांच्या मुलीच्या दुखण्याला नाव मिळावयास सुमारे सात वर्षे लागली, आणि जे नाव मिळाले ते भारतात त्यापूर्वी कोणत्याही रुग्णाच्या कागदावर लिहिले गेलेले नव्हते. पॉम्पे आजाराची ती देशातील पहिली निदान झालेली रुग्ण होय.

सात वर्षे हा काळ केवळ एका घराचा नाही. दुर्मिळ आजाराचे निदान व्हावयास सरासरीने तितकीच वर्षे लागतात असे जगभर सांगितले जाते. या संस्थेने २०१६ पासून दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस जी दौड भरविली तिचे नावच ‘रेस फॉर सेव्हन’ असे आहे : सात हजार आजारांची आठवण आणि निदानाच्या सात वर्षांसाठी सात किलोमीटर. इंग्रजी नावाचा हा हिशेब चतुर खराच. पण मराठी घरात सात वर्षांच्या वणवणीला आधीपासूनच एक नाव आहे. तिला साडेसाती म्हणतात. या डॉक्टराकडून त्या डॉक्टराकडे, तेथून वैद्याकडे, तेथून शनीच्या देवळात, आणि पुन्हा नव्या डॉक्टराकडे जुन्या कागदांची पिशवी घेऊन, असा हा प्रवास चाललेला असतो. फरक इतकाच की शनीची साडेसाती साडेसात वर्षांनी संपते. येथे सात वर्षांनी फक्त नाव कळते.

पॉम्पे या नावाचीही एक कथा आहे. योहानेस पॉम्पे हा हॉलंडमधील विकृतिशास्त्रज्ञ. १९३२ साली त्याने सात महिन्यांच्या एका मुलीच्या शवाची तपासणी केली. तिचे हृदय अवाढव्य वाढलेले होते आणि स्नायूंच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन ही साठवणीची साखर नको तितकी साचलेली होती. का साचते, ते कळावयास आणखी एकतीस वर्षे जावी लागली. १९६३ मध्ये हर्स या बेल्जियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की पेशींतील लायसोसोम नावाच्या लहानशा कोठडीत ही साखर फोडणारे जे एंझाइम असावयास हवे, ते या रुग्णांत नसते. पॉम्पेला ते समजावयाचे नव्हते. महायुद्धात तो जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात सामील झाला आणि युद्ध संपण्यास काही आठवडे उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. कर्नाटकातील एका मुलीच्या कागदावर त्याचे नाव उमटावे, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर तो कृत्रिम वाटला असता.

नाव मिळाल्याने काय मिळते? औषध मिळतेच असे नाही. सात हजारांपैकी सुमारे शेकडा पाच आजारांवरच काही विशिष्ट उपचार आहेत. उरलेल्यांसाठी नाव हेच काय ते हाती येणारे असते. तरीही नाव मिळाल्याच्या दिवशी घरातली माणसे रडतात ती केवळ दुःखाने नव्हे. इतकी वर्षे दुखण्याला नाव नव्हते म्हणून त्याला घरातल्या माणसांची नावे दिली जात होती : आईचे दुर्लक्ष, आजीची दृष्ट, मुलाचा आळस. ‘चालताना मुद्दाम पडतो’ असे शाळेत ऐकून घेतलेल्या मुलाला ड्युशेन हे नाव मिळते तेव्हा तो निदान खोटारडा तरी उरत नाही. माहितीचे पहिले काम बहुधा हेच असावे. ती आरोप मागे घेते.

अशी माहिती देणारा दूरध्वनी चालविणे म्हणजे काय, हे बाहेरून दिसत नाही. पलीकडचा माणूस बहुधा बाप असतो, कधी मामा, कधी शिकलेला शेजारी. आई सहसा मागे उभी असते आणि तिचा आवाज ऐकू येत राहतो : ‘ते झटक्यांचं सांगा’, ‘ते डोळ्यांचं विचारा’. भाषा कन्नड, तेलुगू, तमिळ, दखनी उर्दू, हिंदी, आणि बेळगाव-निपाणीकडून मराठी. प्रत्येक भाषेत पहिली दोन मिनिटे ओळखीची जातात, कारण कागदावरील इंग्रजी नाव वाचून दाखविताना सांगणारा अडखळतो आणि ऐकणाऱ्याला त्या अडखळण्यातून मूळ शब्द ओळखावा लागतो. ‘म्युकोपॉलिसॅकरायडोसिस’ हा शब्द दूरध्वनीवरून शेतकऱ्याच्या तोंडून कसा ऐकू येईल याची कल्पना कोणताही भाषाभ्यासक करू शकेल. पाठभेदांवरून मूळ संहिता ठरविण्याचे जे काम विद्यापीठांतून वर्षानुवर्षे चालते, ते येथे एका श्वासात करावे लागते, आणि चूक झाली तर ती तळटिपेत दुरुस्त करण्याची सोय नसते.

शब्द सापडला तरी तो समजावून सांगावयाचा कोणत्या शब्दांत? विश्वकोशाच्या पानांतून स्थिरावलेली ‘गुणसूत्र’, ‘जनुक’ ही मराठी परिभाषा देखणी आहे. क्रोमोसोम या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ रंग घेणारी काया. कन्नडने ‘वर्णतंतु’ म्हणून तो रंग जपला, मराठीने आणि हिंदीने रंग सोडून गुण घेतला. पण ‘गुणसूत्रात दोष आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला मुलाच्या गुणांतच दोष आहे असे वाटते, आणि ‘वर्णतंतु’मधला वर्ण कोणता, ही शंका तर अधिकच अवघड. जनुकाला कन्नडमध्ये ‘वंशवाही’ म्हणतात. वंश हा शब्द उच्चारला की घरातले वडीलधारे ताठ होऊन बसतात : आमच्या वंशात असे कधी झालेले नाही! ज्याच्या अंगी दोष असतो पण आजार दिसत नाही, त्याला मराठीत ‘वाहक’ म्हणावयाचे ठरले आहे. आता एस. टी.च्या प्रत्येक गाडीवर ‘चालक’ आणि ‘वाहक’ यांची नावे लिहिलेली पाहत वाढलेल्या माणसाला डॉक्टरांनी ‘तुम्ही वाहक आहात’ असे सांगितले तर त्याच्या डोळ्यांपुढे खांद्याला पिशवी लावलेला, तिकिटे फाडणारा कंडक्टर उभा राहतो. हसू येते, पण हा समज अगदीच चुकीचा नाही. वाहक गाडी चालवीत नाही, गाडी कोठे जावी हे त्याच्या हाती नसते, तो फक्त सोबत असतो. परिभाषा समितीला जे साधले नाही ते एस. टी.ने साधून दिले असे म्हणावयास हरकत नाही.

याहूनही कठीण असते ते ‘चारांत एक’ हे गणित. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. घराघरांत याचा अर्थ असा लावला जातो की एक आजारी मूल होऊन गेले, आता पुढची तीन सुखरूप. ही समजूत इतकी नैसर्गिक आहे की ती खोडून काढणे क्रौर्याचे वाटावे. पण ती खोडावीच लागते. प्रत्येक खेपेला फासे नव्याने पडतात. मागच्या खेपेची आठवण फाशांना नसते. महाभारत ऐकत वाढलेल्या समाजाला द्यूतातील हे सत्य ठाऊक असावयास हवे होते. पण धर्मराजालाही प्रत्येक डावाला वाटत राहिलेच ना, की आता तरी दान आपल्या बाजूने पडेल!

आणि काही आजारांत हे गणित आईवर येऊन थांबते. ड्युशेनसारख्या विकारात दोष एक्स गुणसूत्रावर असतो. तो बहुधा आईकडून येतो आणि भोगावा लागतो मुलाला. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तर तो आईकडूनही आलेला नसतो, नव्यानेच उद्भवलेला असतो. हे वाक्य कोणत्या क्रमाने सांगावयाचे, यावर एखाद्या बाईचे सासरचे उरलेले आयुष्य अवलंबून असू शकते. ‘आईकडून आले’ हे दोन शब्दांत सांगून फोन खाली ठेवला तर सांगणाऱ्याने असत्य काहीच सांगितलेले नसते, पण ‘पांढऱ्या पायाची’ या जुन्या शिव्येला विज्ञानाचा दाखला मात्र मिळवून दिलेला असतो. म्हणून अनुभवी माणूस आधी विचारतो, ‘जवळ कोण कोण आहे?’ आणि मग सांगतो की प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या दोषाचा वाहक असतोच. हे सांत्वन नव्हे; हे शास्त्र आहे. मात्र त्याची जागा वाक्याच्या आरंभी आहे, शेवटी नाही, एवढे शहाणपण अनुभवाने येते.

खरे तर या शास्त्राचा इतिहासच आयांच्या हट्टाचा आहे. नॉर्वेतील एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवीत होती. मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो हे तिचे म्हणणे कोणी मनावर घेत नव्हते. १९३४ साली आस्ब्योर्न फ्यॉलिंग याने ते मनावर घेतले आणि फेनिलकीटोनुरिया हा विकार जगाला कळला. पर्ल बक या लेखिकेला १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तिची मुलगी अशाच एका संस्थेत होती. मुलीला काय झाले आहे हे बाईंना त्या वेळीही माहीत नव्हते. १९५० मध्ये त्यांनी त्या मुलीविषयी पुस्तक लिहिले तेव्हाही नव्हते. आजार तोच होता, हे पुढे कळले. जगाच्या वाङ्मयात मान पावलेल्या लेखिकेला जे नाव दशकानुदशके सापडले नाही, ते नाव हुबळीच्या बसस्टँडवरून फोन करणाऱ्या बापाला पाच मिनिटांत हवे असते, आणि त्याचे तसे मागणे योग्यच आहे.

मराठी मुलखात समजूत अशी की जन्मानंतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. कन्नडमध्येही नशिबाला ‘हणेबरह’, कपाळीचे लिखाण, असाच शब्द आहे. नवजात बालकांच्या तपासणीत सटवाईच्याही आधी, दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब कागदावर घेतात. लिखाण तेच, वाचण्याची जागा फक्त कपाळावरून टाचेवर आली. बंगळूरने हे काम फार लवकर आरंभिले होते, ही गोष्ट विस्मरणात गेली आहे. १९८० साली भारतीय विज्ञान संस्थेतील एन. अप्पाजी राव यांच्या पुढाकाराने कर्नाटकात नवजात बालकांच्या तपासणीचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात एक लाखाहून अधिक बालकांचे रक्त तपासले गेले. याच कामातून १९८७ मध्ये जवळच्या नात्यातील विवाह आणि बालकांचे आनुवंशिक आजार यांच्या संबंधाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. दक्षिणेत मामाने भाचीशी लग्न करणे हा हक्क समजला जाई. महाराष्ट्रातही मामाची मुलगी ही भाच्याचीच, असे घरोघर म्हटले जाते. असा संबंध सांगताना उपदेशाचा सूर लागला की ऐकणारा दार लावून घेतो. लग्न होऊन गेलेले असते, मूल मांडीवर असते, आणि पुढच्या गर्भारपणात तपासणी करता येते की नाही एवढेच त्याला विचारावयाचे असते. त्याचे उत्तर बहुधा ‘येते’ असे असते, पण आधी पहिल्या मुलाचे नेमके निदान व्हावे लागते. मूल हातचे जात असताना त्याच्या रक्ताचा नमुना जपून ठेवा असे सांगणे, हे या कामातले सर्वांत अवघड वाक्य असावे.

नाव मिळण्याचे सुख सांगितले. नावाचा जाचही सांगितला पाहिजे. शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंडिगोडु नावाचे खेडे आहे. १९७५ च्या सुमारास तेथील गरीब, शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांत खुब्याचे आणि गुडघ्यांचे सांधे झिजून माणसे खुरडू लागल्याचे बाहेरच्या जगाला कळले. प्रथम संशय भाताच्या खाचरांतील खेकड्यांवर आला : पिकांवर कीटकनाशके फवारली जात, त्याच पाण्यातले खेकडे हे लोक खात. पुढे तो हाडांचा आनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. वैद्यकाने त्याला ‘हंडिगोडु’ हेच नाव दिले. शास्त्रज्ञाचे नाव आजाराला मिळाले तर तो सन्मान समजतात. गावाचे नाव मिळाले की त्या गावात मुलगी कोण देणार?

आता औषधाविषयी. पॉम्पे आजारावर, शरीरात नसलेले एंझाइम बाहेरून देण्याचा उपचार २००६ मध्ये मान्य झाला. दर पंधरवड्याला ते शिरेतून द्यावे लागते, आणि आयुष्यभर. त्याचे प्रमाण वजनावर ठरते. मूल बाळसे धरू लागले की एरवी घर आनंदते. येथे प्रत्येक किलोगणिक औषधाची किंमत चढते. दहा किलो वजनाच्या मुलासाठी अशा काही आजारांच्या उपचारांचा वार्षिक खर्च दहा लाखांपासून एक कोटीच्याही पुढे जाऊ शकतो, असे खुद्द सरकारच्या धोरणातच म्हटले आहे. ते धोरण प्रथम २०१७ मध्ये आले, २०१८ मध्ये बासनात गेले, आणि मार्च २०२१ मध्ये नव्याने आले. त्याने आजारांचे तीन गट पाडले : एकदाच उपचार करून बरे होणारे, दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चात सांभाळता येणारे, आणि ज्यांवर उपचार आहेत पण ते जन्मभर घ्यावे लागतात व त्यांची किंमत कोणत्याही घराच्या आवाक्याबाहेर असते असे. आरंभी वीस लाखांची मदत फक्त पहिल्या गटाला होती. मे २०२२ मध्ये ती पन्नास लाखांपर्यंत आणि तिन्ही गटांना लागू झाली. जन्मभराच्या उपचाराला पन्नास लाख म्हणजे काही घरांत सहा महिने, काही घरांत दोन वर्षे. पुढे काय, हा प्रश्न फोनवर विचारला जातो. त्याला धोरणात उत्तर नाही आणि फोन घेणाऱ्याकडेही नाही.

२०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने एका रिक्षा ओढणाऱ्याच्या मुलाला गोशे आजारावरील उपचार सरकारने मोफत द्यावेत असा आदेश दिला, तेव्हापासून कित्येक घरांनी न्यायालयाची वाट धरली. काहींनी लोकांपुढे हात पसरले. २०२१ मध्ये मराठी वृत्तपत्रांनी ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचविला. मुंबईतील एका बालिकेसाठी आलेल्या त्या औषधावरील कर केंद्र सरकारने माफ केले. पिंपरी-चिंचवडमधील दुसऱ्या एका बालिकेला लोकवर्गणीतून ते इंजेक्शन मिळाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ती गेली. वाचकांनी वर्गणी दिली, हळहळ व्यक्त केली, आणि वृत्तपत्राचे पान उलटले. दयेचे हे राजकारण कोणाच्या लक्षात येते? गोंडस चेहऱ्याच्या, एका इंजेक्शनने बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलीला वर्गणी मिळते. ज्याचा चेहरा आजाराने सुजला आहे आणि ज्याला पंधरवड्याला एकदा मरेपर्यंत औषध लागणार आहे, त्या चौदा वर्षांच्या मुलाला ती मिळत नाही.

२०२१ च्या धोरणाने देशात आरंभी आठ केंद्रे नेमली. त्यांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय होते, आणि बंगळूरचे मानवी आनुवंशिकी केंद्र व इंदिरा गांधी बालरुग्णालय ही जोडी होती. यातले आनुवंशिकी केंद्र एच. शरत्चंद्र या विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या दूरदृष्टीतून उभे राहिले. बेळगावहून ही दोन्ही शहरे सुमारे पाचशे-पाचशे किलोमीटर आहेत. बेळगाव कोणाचे, या प्रश्नावर किती शाई आणि किती रक्त सांडले ते या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. पण त्या गावातून फोन करणाऱ्या मराठी बापाला तो वाद एका अगदी व्यावहारिक रूपात भेटतो : मूल घेऊन कोणत्या गाडीत बसावे? मुंबईला भाषा आपली, पण रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचे. बंगळूरला कार्ड चालते, पण डॉक्टर बोलतील ते बायकोला कळणार नाही. फोन घेणारा त्याला बहुधा बंगळूरलाच यावयास सांगतो, आणि ‘ताईंना म्हणावं, मराठी बोलणारं कुणीतरी भेटेल’ असेही सांगतो. मग ते कोणीतरी शोधणे हेही त्याचेच काम होऊन बसते.

मराठी माणसांचे या विषयातले एक जुने देणे बंगळूरमध्ये सांभाळले जाते आहे, हे जाता जाता नोंदविले पाहिजे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक नवाच रक्तगट शोधून काढून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांना चालणारे म्हणून समजले जाणारे ‘ओ’ गटाचे रक्तही या माणसांना चालत नाही. त्यांना त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे रक्त लागते, आणि तो दुसरा माणूस भारतात दहा हजारांत एखादा. शहर मुंबई झाले तरी गटाचे नाव ‘बॉम्बे’च राहिले. या गटाच्या दात्यांची यादी आज बंगळूरची ‘संकल्प इंडिया फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. आजार नव्हे, केवळ वेगळेपण. पण अपघाताच्या रात्री त्या यादीतले एक नाव म्हणजेच औषध असते.

प्रसन्न शिरोळ यांची मुलगी २०२३ मध्ये गेली. तिच्या नावाने सुरू झालेली धडपड तिच्यासाठी उरली नाही, आणि तिच्यामुळे चालू मात्र राहिली. फोन येतच असतात. पलीकडून कोणीतरी कागदावरचे नाव एकेक अक्षर सुटे करून सांगते, आणि अलीकडे ते लिहून घेतले जाते : पॉम्पे, पाँपे, कधी नुसतेच ‘पंप’. मग डॉक्टर कोणते, तपासणी कोठे, खर्च किती, हे सगळे विचारून होते. थोडा वेळ कोणीच बोलत नाही. आणि मग ठरलेला प्रश्न येतो, बहुधा मागे उभ्या असलेल्या आईचा : ‘असं आणखी कुणाच्या घरी आहे का?’ असते, कोठे ना कोठे असते. पण त्या दुसऱ्या घराला विचारल्याशिवाय त्याचा क्रमांक देता येत नाही. म्हणून त्यांना थांबावयास सांगून फोन ठेवला जातो आणि त्या दुसऱ्या घरी लावला जातो.